तुंबडीपासून शोषक पट्टीपर्यंत
तुंबडी लावून दूषित रक्त शोषून घेण्याची रीत भारतात पुरातन आहे. सुश्रुताने शिंग, जळू आणि भोपळा ही तीन साधने त्याकरिता सांगितली. परंतु तुंबडीची ओढ क्षणिक असे. महिनोन् महिने न भरणाऱ्या व्रणाला ती पुरी पडण्याजोगी नव्हती.

ही ओढ अखंड ठेवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस साधली. जर्मनीत फ्लाइशमान यांनी उघड्या अस्थिभंगाच्या जखमांत स्पंज बसवून, वर हवाबंद पडदा चिकटवून आतील स्राव शोषून घेतला. त्याचा वृत्तांत १९९३ साली आला. अमेरिकेत अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी डुकरांवर प्रयोग करून पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरइतकी ओढ योग्य ठरविली. १९९७ साली त्यांनी ३०० जखमांची हकिकत प्रसिद्ध केली. पैकी २९६ जखमांना गुण आला होता. साचलेले पाणी निघून सूज ओसरे, रक्ताभिसरण वाढे आणि तांबूस कोवळे मांस धरू लागे.

मात्र यंत्र म्हणजे शस्त्रवैद्य नव्हे. मृत मांस आधी काढावेच लागते. रक्तवाहिनी तुंबलेली असेल, तर ती प्रथम मोकळी करावी लागते. हा क्रम पाळला, तरच मधुमेह्याचा पाय वाचण्याची आशा धरता येते.