मोडक्या टोकाचा भाला

'अरायव्हल'मधला एक प्रसंग आठवतोय? बारा अजस्र यानं पृथ्वीवर बारा ठिकाणी येऊन थांबली आहेत. भाषाशास्त्रज्ञ लुईस बँक्स (एमी ॲडम्स) परग्रहवासीयांना 'माणूस', 'चालणं' असले बालवर्गातले शब्द शिकवत बसली आहे आणि कर्नल वेबरचा धीर सुटत चाललाय. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय: तुम्ही इथे कशाला आलात? मग ही बाराखडी कशासाठी?

लुईस त्याला एक गोष्ट सांगते. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ अडकलं. खलाशांना उड्या मारणारा, पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवणारा प्राणी दिसला. त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, 'कांगारू'. पुढे कधीतरी कळलं की त्याचा अर्थ होता, 'मला कळलं नाही'.

कर्नलला पटतं, तो जातो. मग लुईस आपल्या सहकाऱ्याला हळूच सांगते की गोष्ट खोटी आहे, पण मुद्दा बरोबर आहे.

थिएटरात इथे हशा पिकतो. मलाही हसू आलं होतं. नंतर खरं काय घडलं ते वाचलं, तेव्हा वाटलं की डेनी व्हिलनव्हच्या या २०१६ च्या सिनेमाला हवी असलेली गोष्ट त्या खोट्या गोष्टीच्या मागेच उभी होती.

(काळजी नको, सिनेमाचा शेवट फोडत नाही.)

कुकचं 'एन्डेव्हर' ११ जून १७७० च्या रात्री ग्रेट बॅरियर रीफच्या खडकावर आपटलं. कसंबसं ते एका नदीच्या मुखाशी आणलं गेलं. आज तिथे कुकटाउन आहे. दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, सगळे तिथेच होते. तिथले लोक आणि त्यांची भाषा, दोघांचंही नाव गुगू यिमिधिर. जहाजावरचा निसर्गअभ्यासक होता जोसेफ बँक्स. आडनाव सिनेमातल्या लुईसचंच! या बँक्सने ऐकलेले शब्द वहीत उतरवून घेतले. त्यात 'कांगुरू' होता.

आता गंमत बघा. १८२० साली फिलिप पार्कर किंग हा दुसरा इंग्रज कप्तान त्याच जागी गेला. त्यानेही त्या प्राण्याचं नाव विचारलं. त्याला वेगळाच शब्द मिळाला, 'मिन्नार'सारखा काहीतरी. झालं! कुकची फजिती झाली असणार, असा संशय पसरला आणि 'मला कळलं नाही'वाल्या गोष्टीला बळ मिळालं.

कोडं सुटलं ते १९७० च्या दशकात. जॉन हॅविलंड नावाचा भाषाशास्त्रज्ञ गुगू यिमिधिर लोकांच्या होपवेल वस्तीत जाऊन राहिला, भाषा शिकला. त्याला कळलं की 'गंगुरू' हा अगदी खराखुरा शब्द आहे. मोठ्या, गडद रंगाच्या एका विशिष्ट जातीच्या कांगारूचं ते नाव. आणि किंगला मिळालेला शब्द होता 'मिन्हा', म्हणजे खायचा प्राणी. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसाने सुरमईकडे बोट दाखवलं, तर कुणी 'सुरमई' म्हणेल, कुणी नुसतं 'मासे' म्हणेल. दोन्ही उत्तरं बरोबरच.

म्हणजे सांगणाऱ्याने नीट सांगितलं होतं, बँक्सने नीट ऐकलं होतं. गोंधळ पुढे इंग्रजांनीच केला. १७८८ मध्ये ते सिडनीला वसाहत करायला आले आणि तिथल्या लोकांशी बोलताना 'कांगारू' शब्द वापरू लागले. सिडनी तिथून सुमारे २,००० किलोमीटर लांब, भाषा पूर्ण वेगळी. तिथल्या लोकांना वाटलं, हा इंग्रजी शब्द असावा आणि त्याचा अर्थ 'मोठं जनावर' असावा. त्यांनी इंग्रजांच्या गाईगुरांकडे बोट दाखवून विचारलं, हेही कांगारू का?

इथे लुईसचा मुद्दा खरोखरच सिद्ध होतो. बोट दाखवून नाव विचारता येतं, पण बोट नेमकं कशाकडे आहे हे त्या बोटावरून कळत नाही. त्यासाठी त्या माणसांत राहावं लागतं. म्हणूनच ती कर्नलकडे वेळ मागत असते.

पण त्या सात आठवड्यांतली मोठी गोष्ट वेगळीच आहे.

१९ जुलैला काही गुगू यिमिधिर पुरुष जहाजावर आले. डेकवर खलाशांनी पकडलेली समुद्री कासवं पडली होती. कासवं त्यांच्या समुद्रातली, कुणालाही न विचारता घेतलेली. त्यांनी खुणेने एक मागितलं. नकार मिळाला. त्यांनी ओढून न्यायचा प्रयत्न केला, तोही अडवला गेला. मग ते किनाऱ्यावर उतरले आणि इंग्रजांच्या तळाभोवतीचं वाळलं गवत पेटवून दिलं. कुकने छर्‍याची बंदूक झाडली. एक जण जखमी झाला.

इथून पुढे काय झालं असतं याची कल्पना आपण करू शकतो. वसाहतींच्या इतिहासात अशी पानं पुष्कळ आहेत. पण झालं असं की, एक ठेंगणा म्हातारा पुढे आला. हातात भाला, पण टोक नसलेला. तो थांबत थांबत आला, काहीतरी बोलला. मागच्यांनी आपले भाले झाडाला टेकवून ठेवले. इंग्रजांनी त्यांचे हिसकावलेले भाले परत केले. तंटा मिटला. हे सगळं कुक आणि बँक्स यांच्या रोजनिशींतून आपल्याला कळतं. त्या दिवसाची आठवण कुकटाउनमध्ये आजही समेटाचा प्रसंग म्हणून काढली जाते.

सिनेमात परग्रहवासी एक चिन्ह काढतात आणि त्याचा अर्थ 'शस्त्र' असा लागतो. जगभरच्या सैन्यांची बोटं चापावर जातात. लुईस जीव तोडून सांगत असते की त्यांना शस्त्र आणि अवजार यातला फरक कदाचित ठाऊकही नसेल. टोक मोडलेला भाला हे शस्त्र की निरोप? दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा जेमतेम येत होती. तरीही निदान त्या दिवशी अर्थ बरोबर लागला.

आणखी एक योग आहे. 'अरायव्हल' टेड चियांगच्या १९९८ च्या कथेवर बेतलाय आणि त्याच्या गाभ्याशी एक जुना वाद आहे: भाषा बदलली की विचार करण्याची रीत बदलते का? या वादात आज हमखास येणारं उदाहरण म्हणजे गुगू यिमिधिर! या भाषेत जागा सांगायला आपल्यासारखं 'डावीकडे-उजवीकडे' चालत नाही. सगळं पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर. आपणही 'दादर ईस्टला भेट' म्हणतो, पण टेबलावरचा कप 'जरा पश्चिमेला सरकव' म्हणत नाही. ते म्हणतात.

होपवेलच्या एका वृद्धाने नाव उलटल्याची हकिगत १९८० मध्ये सांगितली, तेव्हा त्याचं तोंड पश्चिमेला होतं. नाव कशी उलटली हे दाखवताना त्याचे हात पुढे गेले. दोन वर्षांनी तीच हकिगत त्याने उत्तरेकडे तोंड करून सांगितली, तेव्हा हात उजवीकडून डावीकडे गेले. दोन्ही वेळा दिशा एकच: पूर्वेकडून पश्चिमेला. नाव जशी उलटली होती, तशीच. अर्थात, भाषेमुळे माणूस काळाच्या पलीकडे पाहू लागतो ही सिनेमाची झेप कल्पनेतली आहे. पण भाषा आपल्याला सतत कशाकडे लक्ष ठेवायला लावते, याचा हा लख्ख पुरावा आहे.

म्हातारा भाला घेऊन आला त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८७३ मध्ये, सोन्याच्या मागे धावत हजारो लोक त्याच नदीमुखाशी उतरले. कुकटाउन वसलं आणि गुगू यिमिधिरांच्या वाट्याला हत्या, उपासमार, विस्थापन आलं. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, उरलेल्यांना सक्तीने दूर दक्षिणेला हलवलं गेलं. तिथे अनेक जण मेले. वाचलेल्यांना परतता आलं ते १९४९ पासून पुढे. हॅविलंडला १९७० च्या दशकात 'गंगुरू'चा अर्थ सांगणारी माणसं ही.

म्हणून तो विनोद आता मला तितकासा हसवत नाही. त्यात 'मला कळलं नाही' हे वाक्य चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलंय. त्या माणसाला प्रश्न कळला होता आणि त्याने उत्तर अचूक दिलं होतं. ते तपासायला कुणी त्याच्या नातवंडांकडे जाऊन बसेपर्यंत दोनशे वर्षं गेली.