मृग दक्षिणेचा, आर्द्रा ग्वाल्हेरची

गुढीपाडव्याला घरातील वडीलधाऱ्यांनी नवे पंचांग उघडून संवत्सरफल वाचायचे आणि कडुनिंबाची गोळी तोंडात धरून इतरांनी ते ऐकायचे, ही रीत लष्करातील जुन्या मराठी घरांना नवी नाही. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, हे सारे झाले की पर्जन्यनक्षत्रांची वाहने येत. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की श्रोते समाधानाने माना डोलावत. गाढव निघाले की चेहरे उतरत. पावसाचा पहिला पाठ आम्ही असा ऐकला. शाळेतील भूगोल फार नंतर आला.

मात्र जूनचा पहिला आठवडा सरला की या पाठात एक अडचण उभी राही. पंचांगात मृग लागलेला असे आणि दाराबाहेर लू वाहत असे. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडता शिंपडता हात दुखून यावेत, गच्चीवरचे अंथरूण मध्यरात्रीपर्यंत तापलेले असावे, आणि घरातील एखाद्या आजीने मात्र ‘मृग लागला, आता दोन दिवसांत येईलच’ असे ठामपणे सांगावे. पाऊस दोन दिवसांत येत नसे. तो जूनच्या अखेरच्या आठवड्यात, कधी जुलै उजाडल्यावर, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात येई. आजीचे चुकत नव्हते. तिचे गाव चुकत होते. तिचा मृग साताऱ्याचा होता.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ टाकला आणि छावणीचे शहर झाले. कण्हेरखेडच्या शिंद्यांबरोबर देशावरून आणि कोकणातून जी कुटुंबे या बाजूस आली, त्यांनी कुळाचार आणले, गणपती आणला, गोडा मसाला आणला, तसेच आपले आभाळही गाठोड्यात बांधून आणले. या गोष्टीची दखल आपल्या इतिहासलेखनात फारशी घेतली गेलेली नाही. लढाया, तह आणि सनदा यांबद्दल आपण पुष्कळ लिहिले. परमुलखात येऊन पडलेल्या माणसाला नव्या मुलखाचा पाऊस कसा शिकावा लागला असेल, हा विषय मात्र मागे राहिला.

शिकावे पुष्कळ लागले असणार. देशावर रोहिणी नक्षत्र म्हणजे पेरणीपूर्व मशागतीचा वळवाचा पाऊस. ग्वाल्हेरीस तीच रोहिणी म्हणजे नवतपा, वर्षातील सर्वांत दाहक मानले गेलेले नऊ दिवस. तिकडे पाऊस पश्चिमेकडून घाट चढून येतो; इकडे पुरवाई सुटली, म्हणजे पूर्वेचा वारा वाहू लागला, की लोक आभाळाकडे पाहू लागतात. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे गंगेच्या खोऱ्यावरून आणि मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकतात आणि आमच्या वाट्याचा बराचसा पाऊस त्यांच्याबरोबर येतो. मोसमी पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला, की ऐन श्रावणात आमच्याकडे आठ-आठ दिवस कोरडे जातात. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचा पाऊस पडतो, त्याला येथील शेतकरी मावठ किंवा महावट म्हणतो. आपल्या मावठ्याचेच हे भावंड. पण देशावर मावठा म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि येथे बेताची मावठ गव्हा-हरभऱ्याला सोन्यासारखी वाटते.

शब्दांचे हे गणगोत मनोरंजक आहे. मराठी मुलखात सहदेव-भाडळीच्या नावाने पावसाचे ठोकताळे सांगितले जातात. हिंदी मुलखात घाघ आणि भड्डरी यांच्या नावाने. राजस्थानात भड्डलीच्या नावाने. नाव फिरत फिरत चार प्रांतांत गेले, पण ठोकताळे मात्र प्रत्येक प्रांताने आपापल्या आभाळावरून पारखून घेतले. जो ठोकताळा गावाबरोबर बदलतो त्याच्यामागे निरीक्षण असते. नवतपा खूप तापला तर पाऊस चांगला, ही येथील समजूत मात्र आम्ही जरा जपूनच घेतो. वायव्य भारत तापून तेथे हवेचा दाब उतरतो आणि मोसमी वाऱ्यांना ओढ लागते, हे खरे; परंतु एका शहराच्या नऊ दिवसांच्या उन्हावरून चार महिन्यांचा पाऊस ठरत नाही. तानसेनाच्या समाधीच्या गावी मल्हार गाऊन पाऊस आणण्याच्या कथाही आम्ही ऐकल्या. कृष्णराव शंकर पंडितांच्या घराण्याच्या गाण्याने मैफली चिंब होत, यात शंका नाही. तलाव भरल्याचे ऐकिवात नाही.

आज पडलेला पाऊस ही एक गोष्ट आणि एखाद्या मुलखाचा पाऊस ही दुसरी. हिंदीत त्यांना मौसम आणि जलवायु असे दोन शब्द सहज आहेत. मराठीत आपण दोन्हींना ‘हवामान’ म्हणून मोकळे होतो. मराठी विश्वकोशाने जलवायुमान हा शब्द वापरला, पण तो बोलण्यात रुळला नाही. आजीच्या मृगाचा घोटाळा मुळात हाच होता. तिने एका मुलखाचे जलवायुमान दुसऱ्या मुलखाच्या हवेवर बसवले होते.

हा भेद आपल्या पूर्वसूरींना ठाऊक नव्हता असे मात्र नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे आणि देशोदेशींच्या पावसाची मापेही दिली आहेत. त्यांत अवंतीला, म्हणजे पुढे शिंदेशाहीत आलेल्या माळव्याला, तेवीस द्रोण. गोदाकाठच्या अश्मकाला त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. आणि कोकणाला, अपरांताला, अमित. आपल्या कुटुंबांनी ज्या वाटेने प्रवास केला त्या वाटेवरचे पर्जन्यमान त्या ग्रंथात एका ओळीत उभे आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, एकूण माप देऊन ग्रंथकार थांबत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून तिसरा हिस्सा आणि मधल्या दोन महिन्यांत बाकीचे दोन हिस्से पडले, तर ते वर्ष उत्तम, असे तो म्हणतो. किती पडला याइतकेच कसा पडला यालाही मोल आहे. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने या विषयात स्वतःची अशी एक भर घातली, तिचे स्मरण येथे करणे अगत्याचे आहे. विसाजी रघुनाथ लेले (१८२७–१८९५) मूळचे नाशिकचे, नोकरी शिंदे सरकारची, वास्तव्य ग्वाल्हेरचे. आपली पंचांगे निरयन गणिताने चालतात आणि त्यामुळे सण व ऋतू यांची फारकत होत चालली आहे, हे त्यांनी आयुष्यभर हिरिरीने मांडले. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश आणि ऋतू यांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते. १८६३ साली मकरसंक्रांत १२ जानेवारीला होती, विवेकानंदांचा जन्म त्या दिवशीचा. आज आपण तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो. त्या हिशेबाने महादजींच्या काळचा मृग ऋतूच्या मानाने आजच्याहून तीनेक दिवस आधी लागत असे. लेल्यांनी जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या साथीने १८८०च्या दशकात सायन पंचांग सुरू केले. व्यवहारात हा पक्ष हरला. आपल्या भिंतीवरचे पंचांग आजही निरयनच आहे. परंतु मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेली आणि २२ मार्च १९५७पासून लागू झालेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका महिन्यांना ऋतूंशी बांधते, तेव्हा लेल्यांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर गेले असे म्हणवत नाही. पुढे माधवराव शिंद्यांनी १९२३ साली उज्जैनच्या जयसिंगाच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे ती सोपवली. उज्जैनचे तपमान आणि पाऊस यांच्या नोंदी याच जिवाजी वेधशाळेतून येत राहिल्या.

इंग्रजांकडे दुर्बिणी होत्या, तरी पावसापुढे त्यांचीही गत आजीसारखीच झाली. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली निघाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध जोडून १८८६ साली देशाच्या पावसाचे पहिले अधिकृत भाकीत केले. पुढे १८९९ साली, विक्रम संवत १९५६मध्ये, पाऊस साफ फसला. राजपुताना आणि माळवा यांत ज्याला छप्पन्या म्हणतात तो हाच दुष्काळ. १९०४मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली आणि त्यांनी पावसाचे धागे हिंदुस्थानच्या बाहेर, जगभरच्या वायुदाबांच्या आकड्यांत शोधायला सुरुवात केली. प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, ही ‘दक्षिणी आंदोलना’ची कल्पना त्यातून निघाली. छप्पन्याच्या दुष्काळाचे एक मूळ पेरूच्या समुद्रात असू शकेल, हे त्या वर्षी माळव्यातून निघालेल्या कुटुंबांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते कोण जाणे! हे खाते १९२८ साली शिमल्याहून पुण्यास गेले. पुण्यातील जुने लोक त्या इमारतीला अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात.

ग्वाल्हेर दरबाराने छप्पन्यातून घेतलेला धडा पाण्याचा होता. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत तलाव आणि बंधाऱ्यांची जी कामे निघाली त्यांत सांक नदीवरचे तिघरा धरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे, कारण शहराचे पिण्याचे पाणी तेथून येते. दुष्काळाच्या आठवणीतून ते उभे राहिले आणि १९ ऑगस्ट १९१७ रोजी पाण्याच्या लोंढ्यापुढे फुटले. १९१७ हे देशाच्या नोंदलेल्या इतिहासातील सर्वाधिक पावसाच्या मोजक्या वर्षांपैकी एक. धरण नवेकोरे होते. पायाखालच्या खडकात पाणी मुरले, भिंतीचे मोठे भाग सरकले आणि खालच्या गावांवर लोंढा गेला. मनुष्यहानी फार मोठी झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९१८मध्ये, देशभर पावसाने दगा दिला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. या दोन वर्षांच्या पावसाची बेरीज करून दोनाने भागले तर उत्तर अगदी सज्जन येते. त्या सज्जन आकड्याखाली एक फुटलेले धरण आणि एक करपलेला हंगाम झाकला जातो. धरण सरासरी पावसाने भरते. फुटते ते एका दिवसाच्या पावसाने. जलवायुमान म्हणजे नुसती सरासरी नव्हे, त्या मुलखाचे आभाळ किती टोकाला जाऊ शकते हेही त्यात मोजावे लागते. हे शिकण्यासाठी तिघऱ्याने फार महागडी फी घेतली. धरण पुन्हा बांधले गेले; तेच आपण पाहतो.

स्वातंत्र्यानंतर भाकिताची परंपरा चालत राहिली. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८पासून सोळा घटकांचे प्रतिमान वापरात आले. मराठी माणसाचे नाव त्याला जोडलेले म्हणून आपल्याकडे त्याचे कौतुक थोडे अधिकच झाले, आणि चौदा वर्षे त्याने लाजही राखली. २००२ साली मात्र देशाचा जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला आणि ते भाकीत साफ चुकले. पुढील वर्षी प्रतिमान बदलण्यात आले. पंचांगवाल्यांनी तेव्हा मिशीत हसून घेतले. आम्हाला त्यांचे हसणे पटले नाही. हवामान खात्याने आपली चूक आकड्यांत मांडली आणि पद्धत बदलली. चुकलेल्या गाढवाबद्दल किंवा न आलेल्या हत्तीबद्दल कोणत्या पंचांगाने पुढच्या पाडव्याला खुलासा दिला?

आता त्या मागे सोडलेल्या मुद्द्याकडे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पावसाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. एकूण मोसमी पावसात ठळक बदल नाही, परंतु अतिवृष्टीचे दिवस वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत, असे त्यात दिसले. त्यांनी नकाशावर जी चौकट आखली तिच्या उत्तर कडेच्या जरा आत ग्वाल्हेर येते. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ओतते तेव्हा अधिक ओतते, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे कौटिल्याच्या भांड्यात द्रोण तितकेच भरतात, पण महिन्यांचे हिस्से आणि दिवसांचे हिस्से मोडले आहेत.

ऑगस्ट २०२१च्या पहिल्या आठवड्यात ते आपण घरबसल्या पाहिले. कमी दाबाचा पट्टा वायव्य मध्यप्रदेशावर रेंगाळला. शिवपुरी, श्योपुर, दतिया, भिंड, मुरैना आणि आपला जिल्हा पाण्याखाली गेला. सिंध नदीने दतियाकडचे पूल वाहून नेले. छप्पन्याच्या आठवणी सांगणाऱ्या मुलखाला पुराची सवय नव्हती. हवामान खात्यानेही २०२० साली पावसाच्या आगमनाच्या तारखांचा तक्ता बदलला. त्याआधीचा तक्ता १९४१चा, विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला; नवा १९६१ ते २०१९ या काळाच्या नोंदींवरून बांधलेला आहे. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरीही ८९ सेंटिमीटरवरून ८८ आणि मग ८७ अशी उतरत आली आहे. लेल्यांनी पंचांगाबद्दल जे मागितले होते तेच काम येथे ठरावीक वर्षांनी होत राहते.

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून कोणा आप्ताचा फोन येतो. तिकडे मृगाचा पहिला पाऊस झालेला असतो, मातीच्या वासाचे वर्णन होते आणि मग विचारणा होते, ‘तुमच्याकडे पडला का?’ आम्ही सांगतो, इकडे अजून पंधरा दिवस. फोन ठेवून गच्चीवर जातो आणि पूर्वेकडे पाहतो.