काचेवर न उमटलेला गजी

आरेवाडीच्या बिरोबासमोर गजी रंगतो तेव्हा ढोलांभोवती रिंगण फिरते, रंगीत रुमाल ठेक्यावर उडतात आणि भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात. सातारा-सांगलीच्या माणदेशी पट्ट्यातला धनगरांचा हा नाच किती जुना, असा वाद निघाला की पुरावा म्हणून जुना फोटो मागितला जातो. पण अशा नाचाच्या बाबतीत फोटो हा अगदी कच्चा साक्षीदार आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळी काचेवरचा कोलोडियनचा थर ओला असेपर्यंतच फोटो घेऊन काच धुवावी लागे, म्हणजे माळावर जायचे तर अंधारा तंबूही बरोबर न्यायचा. एका फोटोला काही सेकंद लागत, तेवढ्यात फिरता पाय आणि उडता रुमाल पुसून जाई. त्यातून ती काच मुख्यतः निळा प्रकाश टिपणारी, पिवळा तिच्यावर काळपट उमटे. अंगभर उधळलेला भंडारा तिने काजळीसारखा दाखवला असता!

माणसे उभी करून फोटो काढले तरी घोटाळा सुटत नव्हता. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये काढले. त्यातल्या कित्येक चित्रांत एकीकडे टिपलेली माणसे दुसरीकडच्या दृश्यावर चिकटवलेली आहेत. आणि खरा नाच टिपला तरी त्यामागची परिस्थिती फोटोत येत नाही. अमेरिकेत डकोटा या मूलनिवासी लोकांचे विधिनृत्य 1883 च्या सरकारी नियमांनी गुन्हा ठरले आणि अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या 4 जुलैच्या सोहळ्यातच नाचायची मुभा उरली. अशा दिवशी काढलेल्या फोटोत नाच दिसतो, त्यावरची बंदी दिसत नाही.

कोणी म्हणेल, निदान पेहराव तरी कळतो. कळतो, आणि तेवढ्यासाठी ही चित्रे जपलीच पाहिजेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: फोटोऐवजी धनगरांच्या तोंडी ओवीवर विसंबावे, तर ती गाणाऱ्यागणिक बदलते. खरे आहे. पण ओवीत गावे, देवळे, मेंढरांच्या वाटा येतात, आणि त्या आजही जमिनीवर ताडून पाहता येतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, सोबत ठाणी आणि वाटा धुंडाळल्या, आणि 1976 च्या जर्मन ग्रंथात बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांचा इतिहास त्यातूनच उभा केला. जुन्या फोटोंच्या आधारे हे काम झाले नसते.

आज यात्रेत शेकडो मोबाइल गजी टिपतात. टिपणाऱ्यांनी एवढे करावे: गाव, तिथी, देव आणि गजी मंडळाचे नाव फोटोसोबत लिहून ठेवावे, आणि ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांकडून ओवी पूर्ण उतरवून घ्यावी.