खाका, चरबा आणि अजिंठ्याची जनावरे

'चरबा' हा शब्द मराठीत आता जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. एखाद्याने दुसऱ्याचे लिखाण उचलले की आपण म्हणतो, हा अमक्याचा चरबा आहे. परंतु या शब्दाच्या पोटात तेल आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. फारसीत 'चर्ब' म्हणजे स्निग्ध. तेल पाजून पारदर्शक केलेला कागद, किंवा घासून पातळ केलेले हरणाचे कातडे, मूळ चित्रावर ठेवावयाचे आणि खालची रेषा वर उतरवून घ्यावयाची, तो चरबा. त्याचा सख्खा भाऊ 'खाका'. 'खाक' म्हणजे धूळ. चरब्यावरील रेषेला सुईने बारीक भोके पाडून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की खालच्या कोऱ्या कागदावर ठिपक्यांची रेषा उमटते. मोगल चित्रशाळांत हा रोजचा व्यवहार होता. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने पशुपक्ष्यांची चित्रे काढली आणि पुढच्या पिढ्यांनी त्या धाटणीच्या जनावरांच्या नकला याच मार्गाने केल्या. त्या काळी चरबा म्हणजे चोरी नव्हे. ती शागिर्दाची शाळा होती.

हा विषय पिशोरकरांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या कन्नड तालुक्याच्या माथ्यावर सातमाळ्याची जी डोंगररांग उभी आहे, तिच्याच एका दरीत पितळखोरे आहे आणि तीच रांग पूर्वेकडे गेली की अजिंठा लागतो. पितळखोऱ्यात दगडाचे हत्ती रांगेने उभे आहेत; अजिंठ्यात रंगाचे हत्ती भिंतीवर आहेत. दगडाच्या हत्तीची प्रत घेणे तसे सोपे. शिलालेखाचा ठसा घेणारे लोक ओला कागद दगडावर ठेवून कुंच्याने ठोकतात, मग वरून शाईचा बोळा फिरवितात. अक्षर जसेच्या तसे कागदावर येते आणि दगडाचे काही जात नाही. पितळखोऱ्याच्या खांबाला दान देणारा पैठणचा गांधी मितदेव आपल्याला ठाऊक झाला, तो अशाच लेखांमुळे. पण रंगाचे काय? अजिंठ्याची भिंत म्हणजे माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ थर आणि त्या कोरड्या थरावर डिंक-सरसात कालविलेले रंग. ओला कागद तेथे लावणे म्हणजे रंगालाच उठून ये म्हणणे होय. तेव्हा भिंतीवरचे जनावर भिंतीला न दुखविता कागदावर कसे आणावे, हा प्रश्न शंभर वर्षे अनेकांना पडला, आणि प्रत्येकाने त्याचे जे उत्तर काढले त्याची किंमत कोणी ना कोणी भरली.

आधी मूळ चित्रकारांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते स्वतः खाका वापरीत नसावेत असे आम्हांस वाटते. गेरूने थेट भिंतीवर रेखाटन, मग रंग, आणि शेवटी गडद रेषेने आकृती पक्की करावयाची, असा त्यांचा क्रम दिसतो. दुसऱ्या लेण्याच्या छतावर तेवीस हंसांची एक माळ आहे. त्यातला एकही हंस दुसऱ्यासारखा नाही. एकाने मान वळविली आहे, एक पंख खाजवितो आहे, एक पुढच्याच्या अंगावर जातो आहे. साचा असता तर तेवीस वेळा तोच हंस बसवून चित्रकार संध्याकाळी घरी गेला असता. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांतून उधळलेला हत्ती, त्याच लेण्यातील टकरीला उभे राहिलेले बैल, सतराव्या लेण्यातील महिष आणि त्याच्या पाठीवर चढलेले माकड, ही सारी हाताने पाहिलेली जनावरे आहेत. 'हाताने पाहिलेली' हा शब्दप्रयोग चमत्कारिक वाटेल, पण ज्याने वासराची मान धरून त्याला कासेला लावले आहे, त्याला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

१८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे अजिंठ्यास राहून कापडावर तैलरंगात मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनजवळच्या सिडनहॅम येथील स्फटिकमहालात मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक साऱ्या जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह हिवाळ्या-हिवाळ्यांत तेथे जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, नारायण एकनाथ ही नावे त्या विद्यार्थ्यांत आहेत आणि ती मुद्दाम उच्चारली पाहिजेत, कारण पुस्तकाच्या पाठीवर साहेबाचे नाव येते. १८८५ पर्यंत हे काम चालले. प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्याच आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या. उरलेल्या प्रतींवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले.

परंतु आगीपेक्षा मोठी गोष्ट भिंतीवर घडली. धुराने, धुळीने आणि वटवाघळांच्या घाणीने चित्रे मंदावलेली. वर वॉर्निश फिरविले की रंग क्षणात उजळे आणि नकलाकाराला खालचे सारे दिसू लागे. तसे ते फिरविले गेले. पुढे ते वॉर्निश पिवळे पडले, तडकले आणि सोलताना रंगाचे पापुद्रे घेऊन गेले. निजाम सरकारने १९२० साली इटलीहून बोलाविलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पक्का करून मोठे काम केले, पण त्यांच्याही लाखेच्या लेपाने काळोख वाढविला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेला हे थर उतरविण्यात दशके गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. चित्र नीट दिसावे म्हणून केलेल्या उपायाने चित्र झाकले गेले.

आणि तरीही ग्रिफिथ्सच्या प्रती नकोत असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. दहाव्या लेण्यातील षड्दंत जातकाचा हत्तींचा कळप येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओरखड्यांनी आणि कोरलेल्या नावांनी असा विद्रूप झाला आहे, की त्यातला एखादा हत्ती कोठे वळला होता हे पाहावयास त्या जुन्या प्रतीकडेच जावे लागते. ज्या हातांनी भिंतीला इजा केली त्यांनीच तिची साक्षही ठेवली आहे.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम आल्या. या बाईंनी १८९९ मध्ये चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले होते. त्या ग्रंथात बकरीच्या पातळ कातड्याला आणि कागदाला जवसाचे तेल पाजून पारदर्शक करण्याची कृती दिली आहे. म्हणजे इटलीतही चरबाच! नाव वेगळे, तेल तेच. त्यांच्याबरोबर दोन हंगामांत कलकत्त्याहून नंदलाल बसू, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा आले, हैदराबादेहून सय्यद अहमद आणि महंमद फज्लुद्दीन आले. मुक्काम फर्दापूरला तंबूंत. या मंडळींनी तैलरंग टाकून जलरंग घेतले, आणि आमच्या मते रेषेच्या बाबतीत तेच योग्य होते. तैलरंगाला छायाप्रकाशाची हाव असते आणि हत्ती उगाच जडावतो. सय्यद अहमद पुढे लेण्यांचेच रक्षक झाले. १९१५ मध्ये पुस्तक निघाले, पण तोवर बाईंचे मन ढळले होते. १९२९ मध्ये त्या वारल्या.

जपानचे आराई काम्पो १९१७-१८ मध्ये अजिंठ्यात होते. जपानी परंपरेत नकलेची एक विलक्षण रीत आहे: पातळ कागद मूळ चित्रावर ठेवून तो खालून गुंडाळीत वर उचलावयाचा, चित्र पाहावयाचे, झटकन कागद सोडावयाचा आणि डोळ्यांत रेंगाळणारी रेषा काढावयाची, पुन्हा उचल, पुन्हा सोड. त्यांच्या अजिंठ्याच्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपातील आगीत गेल्या. पुढे काम्पो होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांच्या नकलेवर काम करीत असताना १९४५ मध्ये वारले, आणि १९४९ मध्ये ते मूळ भित्तिचित्रच जळाले. तेथे प्रती उरल्या.

या साऱ्या रीती कागदावर वाचून समाधान होईना, म्हणून व्याख्यानापूर्वी पिशोरच्या काही मुलांना घेऊन आम्ही त्या करून पाहिल्या. पोळ्याच्या सणाला गेरू-चुन्याने काढलेला एक बैल आमच्या पडवीत होता, तोच मूळ धरला. खाका ठीक उमटला. पण ठिपके जोडताना रेषेचा जीव गेला. बैल उभा राहिला, चालेना. चरब्यासाठी पतंगाच्या कागदाला जवसाचे तेल लावले. तेल नीट सुकण्याआधीच उत्साहाने तो भिंतीवर दाबला आणि बैलाच्या वशिंडावर बशीएवढा तेलकट डाग पडला. तो अजून आहे. अजिंठ्याच्या वॉर्निशावर जे बोलावयाचे, ते या डागासमोर उभे राहून जरा हळू आवाजात बोलावे लागते.

तिसरी रीत आम्हांस सर्वथा अपरिचित होती. पाउल क्ली हा चित्रकार १९१९ च्या सुमारास ती वापरू लागला: एका कागदाला काळा तैलरंग फासून तो अर्धवट सुकू द्यावयाचा, कोऱ्या कागदावर पालथा घालावयाचा, वर आपले रेखाटन ठेवून टोकदार सुईने गिरवावयाचे. रंग खालच्या कागदावर उतरतो. रेषा केसाळ, थरथरती येते आणि जेथे हात टेकला असेल तेथे काजळी पसरते. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याच्या प्राच्यकला संस्थेच्या प्रदर्शनात क्लीची चित्रे आली होती, म्हणजे ज्या मंडळात अजिंठ्याचे नकलाकार वाढले त्याच मंडळाच्या भिंतीवर ती टांगली गेली, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

आम्ही काजळ आणि जवसाचे तेल खलून रंग केला. पहिले चार कागद नुसते काळे झाले. रंग फार ओला होता. दुसऱ्या दिवशी, बोटाला चिकटेल पण लागणार नाही अशा बेताला आल्यावर, काम जमले. बैल साधारण आला. हरीण बिघडले, कारण हरणाच्या पायाला स्वच्छ रेषा लागते. म्हैस मात्र अशी उतरली की मुले ओरडलीच: तळहाताच्या दाबाने पडलेली काजळी तिच्या पाठीवरच्या केसांसारखी आणि सुकलेल्या चिखलासारखी दिसत होती. ती आम्ही काढली नव्हती, हाताच्या वजनाने काढली होती. एका मुलाने लगेच शेळी काढली. तिची दाढी तर सुईने न गिरविताच आली. दुसऱ्याला तेवीस हंस एकाच रेखाटनावरून छापावयाचे होते. छापलेही, सातव्या हंसापर्यंत रंग संपत आला आणि शेवटच्या हंसांची नुसती सावली राहिली.

मग त्याच मुलांनी विचारले की, पितळखोऱ्यात खांबांवर अजून थोडा रंग शिल्लक आहे, त्याचा असाच चरबा घ्यावा काय? आम्ही नाही म्हणालो. तेथे कागद टेकवावयाचा नाही, बोटही लावावयाचे नाही. चार हात दूर बसून पाहावे आणि वहीत काढावे. त्यांना ते फारसे रुचले नाही. पुढच्या रविवारी सहाजण वह्या घेऊन गेले आणि संध्याकाळी परतले, तेव्हा प्रत्येकाच्या वहीत हत्ती होता, आणि सहांपैकी दोन हत्तींच्या सोंडा उलट दिशेला वळल्या होत्या.