चाकाचा कल

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मोटारीचा टायर घेऊन घरी आला. बाहेरची कड पाहावी तर टायर नवा वाटावा. आतली कड पाहावी तर रबर झिजून तारा उघड्या पडलेल्या. तो रोज याच मोटारीने नोकरीला जातो, आणि वर्षातून दोनतीनदा हौसेने शर्यतीच्या मार्गावरही तीच पळवतो. त्यासाठी पुढची चाके वरच्या बाजूने आत कलती करून घेतली होती. "सर, चूक कुठे झाली?" त्याने विचारले. मी पडलो इतिहासाचा मास्तर, तेव्हा उत्तरही मागून सुरू केले.

आपली बैलगाडी दोन चाकांची. बैल वळले की गाडी वळली. युरोपातल्या चारचाकी घोडागाडीचे तसे नव्हते. तिची पुढची अख्खी आस मधल्या खिळ्यावर फिरे, आणि वळण जोराचे असले की गाडी कलंडण्याची भीती. म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने तोड काढली, की आस स्थिर ठेवावी आणि दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर वळवावीत. लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट घेतले ते रुडोल्फ आकरमनने. शोध एकाचा, नाव झाले दुसऱ्याचे! दोन मुलांना हात धरून मैदानात गोल फिरवून बघा. आतल्याचे वर्तुळ लहान पडते. म्हणून आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, हे त्यातले मर्म. कार्ल बेंझची १८८५ ची पहिली मोटार तीनचाकी होती; चारचाकीत ही तऱ्हा त्याने १८९३ मध्ये आणली.

चाके वळू लागली, तसा ती उभी कशी ठेवावीत हा प्रश्न आला. जुन्या मोटारींची पुढची चाके वरून थोडी बाहेर कललेली असत. शर्यतीत उलटे दिसून आले. वेगाने वळताना गाडी बाहेर झुकते आणि बाहेरचे चाक टायरच्या कडेवर उभे राहते. ते आधीच आत कलवले, तर वळणावर टायर जमिनीवर सपाट बसतो. या कलाला म्हणतात कँबर.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात ओस पडलेल्या विमानतळांवर शर्यती भरू लागल्या. सिल्व्हरस्टोनला पहिली मोठी शर्यत १९४८ साली झाली. पुष्कळ हौशी मंडळी जी मोटार चालवत यायची तीच शर्यतीत पळवायची आणि तिनेच घरी जायची. माझ्या विद्यार्थ्याचा पेच तो हाच.

रोजच्या रस्त्याला आतला कल शून्य ते एक अंश पुरतो. निव्वळ शर्यतीला तीन अंशही देतात. दोन्ही साधायचे तर पुढे दीड ते दोन अंशांवर थांबावे. चाक ज्या रेषेवर वळते ती वरून मागे झुकलेली असते, सायकलच्या पुढच्या दांड्यासारखी. हा कॅस्टर. गाडीत सोय असेल तर तो थोडा वाढवावा. वळताना बाहेरचे चाक आपोआप आत कलते आणि सरळ रस्त्यावर टायर फारसा झिजत नाही.

तिसरी गोष्ट टो, म्हणजे चाकांची तोंडे समोरून जवळ आहेत की फाकलेली. पुष्कळ गाड्यांत कल बदलला की टोही बदलतो, आणि फाकलेले चाक रस्त्यावर घासत चालते. आमच्या गड्याने कल बदलला, टो पुन्हा लावलाच नाही! कलाने थोडीफार झीज होते, पण एवढ्या लवकर तारा उघड्या पाडल्या त्या टोने.

म्हणून शेवटी टो लावावा, शून्याच्या आसपास, तोही चालकाच्या वजनाइतका भार आसनावर ठेवून. आणि महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवावा. शर्यत वर्षातून दोन दिवस असते. ओल्या रस्त्याने घरी मात्र रोज यायचे असते.