बिनपंख्याची खोली

गावाच्या नावावरून गावाची कल्पना करू नये, हा धडा मी आयुष्यात पुष्कळदा शिकलो आणि तितक्याच वेळा विसरलो. मुकुटबन हे नाव प्रथम कानावर आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थेट राजवाडाच उभा राहिला. प्रत्यक्षात हे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातलं गाव. माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं एक स्टेशन, जमिनीच्या पोटात चुनखडी आणि कोळसा, जमिनीवर कापूस, आणि थोडं पुढे गेलं की तेलंगण. मुकुट कुठे दिसला नाही. बन होतं, पण तेही बाभळीचं.

तिथे मी एका लग्नाला गेलो होतो. लग्नघरी वरपक्षाने गाद्यांचा आधीच ताबा घेतलेला असल्यामुळे मला लॉज शोधावा लागला. लॉज जुना होता. भिंतींचा मूळ रंग सांगायला इतिहास संशोधकच हवा. गल्ल्यावर पंच्याहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

"खोलीचं काय घेता, काका?"

"तीनशे जी."

"पंखा आहे ना?"

"पंखा लागन तं पन्नास वेगळे."

"म्हणजे बिनपंख्याची खोलीही आहे?"

"खोली तेच हाय जी. पंखाबी तोच हाय. फक्त बटन माह्यापाशी हाय."

हे उत्तर ऐकून मला राग यायला हवा होता. पण आला तो आनंद. कारण नेमका हाच अनुभव माझ्या भाच्याने अमेरिकेतून आल्यावर मला तासभर रंगवून सांगितला होता. लास वेगासच्या एका जुन्या जुगारी हॉटेलात त्याने तीस डॉलरला खोली घेतली आणि बिल आलं सत्तर डॉलरच्या वर. वरची रक्कम 'रिसॉर्ट फी'ची. त्यात पोहण्याचा तलाव (ज्यात तो उतरला नाही), व्यायामशाळा (जिच्याकडे त्याने पाहिलंही नाही) आणि टेलिफोन (जो वाजला नाही) यांचा समावेश होता. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "बाबा रे, ही अमेरिकन लूट आहे, आपल्याकडे असं नाही." आता यवतमाळ जिल्ह्याची मान उंचावली होती.

तर या जुगारी हॉटेलांचं मूळ गणित फार प्रेमळ असे. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, दारू फुकट. लास वेगासच्या 'गोल्डन गेट' हॉटेलात १९५९ पासून कित्येक वर्षं कोळंबीचा पेला पन्नास सेंटला मिळत असे. हा मालकाचा दानधर्म नव्हता. रूलेटचं अमेरिकन चक्र घ्या. त्यावर १ ते ३६ आकडे आणि दोन शून्यं, अशी ३८ घरं असतात. तुमचा आकडा आला तर तुमच्या पैशासकट ३६ पट परत मिळतं. ३८ पट नाही. ती जी दोन घरं मधल्या मध्ये राहिली, त्यांच्यावर अख्खं हॉटेल उभं असतं. शेकडा ५.२६ हा त्यांचा हिशेब. तुम्ही दर फेरीला शंभर रुपये लावता, तासाला चाळीस फेऱ्या होतात आणि चार तास बसता, असं धरलं तर सोळा हजार रुपये टेबलावर फिरतात आणि सरासरीने साडेआठशेच्या आसपास मालकाकडे राहतात. मग तो तुम्हाला दोनशेची खोली फुकट देतो आणि तुम्ही घरी येऊन सांगता, "काय माणसं आहेत हो! खोलीचे पैसे घेतलेच नाहीत!"

हे मी काकांना सांगायला लागलो तेव्हा वाटलं होतं, त्यांना नवल वाटेल. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "यात नवीन काय हाय जी? माह्या बाबाची वणीले अडत होती."

आणि मग जे त्यांनी सांगितलं ते मी कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. खेड्यातला शेतकरी कापसाची बंडी घेऊन रात्रीचा अडत्याच्या दारी यायचा. बैलांना कडबा, माणसाला भाकर-वरण, झोपायला पडवी, सारं फुकट. सकाळी कापूस मोजला जायचा. मग अडत, हमाली, तोलाई आणि वर कडता. राहिलेल्या रकमेतून आधीच्या उचलीचं व्याज. "पडवीचं भाडं बाबानं कदी घेतलं नाही," काका म्हणाले, "काट्यावरच घेऊन टाके."

पुढे १९७२ साली महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस सरकारी केंद्रावर जायला लागला, अडत्याचा काटा गेला, आणि काट्याबरोबर पडवीचं फुकटपणही गेलं. काकांच्या वडिलांनी पडवीला भिंती घातल्या, दारं लावली आणि खोलीला दोन रुपये सांगितले. जुने शेतकरी भयंकर चिडले. "तुमच्या बापानं कदी पैसा मांगितला नाही," असं म्हणून काही जण तर कायमचे उठून गेले. काट्यावर पन्नास गेले तेव्हा जो हूं की चूं करत नव्हता, तो खोलीचे दोन रुपये मागितल्यावर भांडायला उभा राहिला.

मला एकदम अमेरिकेचं अटलांटिक सिटी आठवलं. समुद्रकाठचं हे गाव एके काळी आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यांवर जगत होतं. पुढे लोक विमानाने दूर दूर जायला लागले आणि इथली मोठमोठी हॉटेलं ओस पडली. शेवटी नोव्हेंबर १९७६ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी या एका गावात कॅसिनोला परवानगी दिली. हेतू असा की म्हाताऱ्या हॉटेलांना संजीवनी मिळावी. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला, तोही हॅडन हॉल नावाच्या जुन्या हॉटेलातच. आसपास दुसरीकडे कायदेशीर कॅसिनो नव्हताच, त्यामुळे माणसं रांगा लावून हरायला आली. बशी भरभरून म्हातारे-कोतारे यायचे. उतरल्यावर हातात चिल्लर नाण्यांचा रूळ ठेवला जायचा. म्हणजे खेळायला पैसेसुद्धा मालकाचेच! वणीच्या पडवीतसुद्धा इतकी माया नव्हती.

या वैभवात १९९० साली एक ताजमहालही उभा राहिला. ट्रम्प यांचा. शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्च, आणि तोही चढ्या व्याजाच्या कर्जावर. दुसऱ्याच वर्षी तो दिवाळखोरीच्या कोर्टात गेला. आमच्या शहाजहानने ताजमहालावर कर्ज काढल्याचं ऐकिवात नाही.

मग २००६ उजाडलं. त्या साली अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी सव्वापाचशे कोटी डॉलरच्या जवळपास कमावले, आणि त्याच साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले. ज्याला घराजवळ हरता येतं तो बसचं तिकीट कशाला काढील? दहा वर्षांत कमाई निम्मी झाली. २०१४ या एका वर्षात बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे आठ हजार माणसांचा रोजगार गेला. त्यातला अटलांटिक क्लब हा १९८० साली 'गोल्डन नगेट' म्हणून जन्माला आला होता. पुढे बॅली, हिल्टन अशी नावं बदलत बदलत इथवर पोचला. नाव बदलून नशीब बदलतं असं मानणारे सगळेच काही आपल्याकडे नाहीत. रेव्हल नावाचा कॅसिनो तर २४० कोटी डॉलर खर्चून २०१२ साली उघडला, २०१४ साली मिटला आणि पुढच्या वर्षी ८.२ कोटींना विकला गेला. ताजमहालही २०१६ साली बंद झाला आणि त्याची किंमत आली पाच कोटी. शंभराचे पाच! एवढा कडता वणीतसुद्धा कोणी कापला नसेल.

म्हाताऱ्या कॅसिनोची अडचण साधी असते. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. संध्याकाळच्या मेथीच्या जुडीसारखी ती रात्रीत मरते. म्हणून भाव पाडावा लागतो. भाव पाडला की गालिचा बदलायला पैसे उरत नाहीत. गालिचा बदलला नाही की मोठा खेळणारा शेजारच्या नव्या हॉटेलात जातो. टेबलावरची कमाई घटली की फुकट गोष्टींना एकेक करून किंमत लागते. आधी रिसॉर्ट फी आली. २०१६ पासून लास वेगासच्या बड्या हॉटेलांनी गाडी लावायचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आणि त्याच सुमारास तिथे रूलेटच्या चक्रावर दोनाऐवजी तीन शून्यं दिसू लागली! ३८ घरांची ३९ झाली, बक्षीस तेच राहिलं, आणि मालकाचा वाटा शेकडा ५.२६ वरून ७.६९ झाला. मौज अशी की रिसॉर्ट फीविरुद्ध लोकांनी एवढी ओरड केली की मे २०२५ पासून 'पूर्ण भाडं आधीच दाखवा' असा नियम अमेरिकी सरकारला लागू करावा लागला. तिसऱ्या शून्याविरुद्ध कोणी एवढा गदारोळ केला नाही. माणूस खोलीच्या बिलावर भांडतो, काट्याकडे बघत नाही. अमेरिकेतही आणि वणीतही.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? तर ज्या १९७६ साली न्यू जर्सीने मतदान केलं, त्याच १९७६ साली आपल्या महाराष्ट्रानेही कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला होता. गंमत म्हणजे गोव्याने त्याच साली जुगारबंदीचा कायदा केला. पुढे काय झालं पहा. गोव्याने आपल्या बंदीला १९९२ साली खिडकी पाडली, पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रं आली, आणि नंतर जुगार बोटीत बसून मांडवीत तरंगायला लागला. महाराष्ट्राने मात्र परवानगीचा कायदा केला आणि तो अमलात आणण्याचा मुहूर्तच काढला नाही. ४७ वर्षं तो कपाटात पडून राहिला. तो लागू करा म्हणून माणसं उच्च न्यायालयापर्यंत गेली. अखेर २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्दच करायचं ठरवलं. बंदी घालणाऱ्या गोव्यात कॅसिनो झाले, परवानगी देणाऱ्या महाराष्ट्रात एकही झाला नाही. सरकारी आळसाने जनतेचं भलं केल्याची उदाहरणं थोडी आहेत. हे मी त्यात धरतो.

"आपल्या इकडं कॅसिनो झाला असता तं?" मी काकांना विचारलं.

"इकडं काहून पाहिजे जी? जूनमदी बी टाकलं का खेळ चालूच हाय आमचा. पाऊस आला तं आला. अन् हरल्यावर फुकट खोली द्याले कोनी नाही." ते हसले. मला हसता आलं नाही. या जिल्ह्यात त्या खेळात हरलेल्यांची नावं पेपरात कशी येतात, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग त्यांनी स्वतःच्या लॉजचं सांगितलं. इथला मोठा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला. तो बांधला जात होता तेव्हा ठेकेदारांची माणसं महिनोन्‌महिने राहायची; एकेका खोलीत तीन-तीन. तेव्हा भाडं चढलं. काकांनी वर दोन खोल्या काढायला कर्ज घेतलं. कारखाना उभा राहिला, माणसं पांगली, कर्ज राहिलं. "भाडं उतरवलं जी. मंग हप्त्यासाठी पंख्याचे पन्नास लावले." एका गावाच्या भरवशावर अटलांटिक सिटीने केलं तेच काकांनी एका कारखान्याच्या भरवशावर केलं होतं, फक्त शून्यं कमी होती. मुलगा म्हणतो, बंद करा आणि गाळे काढा. काकांचं अजून ठरत नव्हतं.

लास वेगासचं ट्रॉपिकाना हॉटेल १९५७ साली उघडलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं आणि ऑक्टोबरात मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडलं, तेही आतषबाजी करून. काकांच्या लॉजच्या नशिबी आतषबाजी नाही. गाळे निघतील, एकात मोबाइलवाला बसेल, संपलं.

मी पन्नास रुपये देऊन पंखा घेतला आणि झोपलो. म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. रात्री दहाला वीज गेली ती पहाटे पाचला आली. सकाळी गल्ल्यावर साडेतीनशे ठेवले. काकांनी मोजले, पन्नासाची नोट वेगळी काढली आणि माझ्याकडे सरकवली.

"राहू द्या काका, ठरलं होतं ना?"

"लाइनच नव्हती जी रातभर. पंखा फिरलाच नाही तं पन्नास कायचे घेऊ?"

असा हिशेब ठेवला तर लॉज बंद पडणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. मी नोट खिशात घातली आणि स्टेशनची वाट धरली. पुढच्या वेळी गेलो आणि लॉज उभा असला, तर पंख्याची खोली दोन दिवसांसाठी घ्यायची, असं ठरवून टाकलं आहे. पावसाळ्यात गेलो तरी.