ग्रहणीवांचून जठर

कुरुंदवाडाशेजारच्या नरसोबाच्या वाडीस ज्या गुरुचरित्राचीं पारायणें चालतात, त्याच्या तेराव्या अध्यायांत पोटशूळानें गांजलेला एक ब्राह्मण गोदावरींत जीव द्यावयास निघालेला आढळतो. श्रीगुरु त्यास जेवूं घालवितात आणि शूळ जातो. त्याच्या रोगाचें निदान आज करणें व्यर्थ. परंतु जेवण हेंच ज्यास संकट, अशा माणसाची अवस्था आपल्या पूर्वजांस पुरी ठाऊक होती. आमाशय व पक्वाशय यांमधील ग्रहणीस आयुर्वेदानें अग्नीचें अधिष्ठान मानिलें, तें उगीच नव्हे. यवन वैद्य हेरोफिलस यानें मात्र त्या भागास केवळ लांबीवरून 'बारा बोटांचें' नांव दिलें!

या बारा बोटांचें कर्तृत्व १९०२ सालीं लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग यांनीं उघडकीस आणिलें. आंतड्याच्या आरंभीच्या भागास अम्लाचा स्पर्श होतांच तेथून एक द्रव्य रक्तांत उतरतें आणि मज्जातंतूंच्या मध्यस्थीवांचून स्वादुपिंडास पाझर फुटतो. इतका महत्त्वाचा अवयव गेल्यास प्राणी जगेल काय? १९१८ सालीं अमेरिकेंत ड्रॅगस्टेट प्रभृतींनीं ग्रहणी काढलेलीं कुत्रीं जगवून दाखविलीं. १९३५ सालीं व्हिपल यानें स्वादुपिंडाच्या मुखाशीं होणाऱ्या गांठीवरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तींत निर्दोष ग्रहणीहि बळी जाते, कारण स्वादुपिंडाच्या शिरोभागाशीं तिच्या रक्तवाहिन्या सामाईक आहेत.

आतां, अम्ल वा स्निग्ध अन्न पोंचतांच जठरास आवरणारा लगाम ग्रहणीच्या हातीं असतो. तो तुटल्यावर घोडें उधळावें, असा तर्क कोणीहि करील. प्रत्यक्षांत कित्येक रोग्यांचें जठर कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे, अडूनच बसतें! याचें एक कारण असें कीं, चाबूकहि तिच्याच हातीं होता. उपाशी जठरांत सुमारें दीड-दोन तासांनीं एक जोरदार लाट उठते व उरलेंसुरलें झाडून पुढें नेते. ती उठविणारें मोटिलिन प्रामुख्यानें ग्रहणी व तिच्या लगतच्या आंतड्यांतून पाझरतें. १९८० नंतरच्या दशकांत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत संपूर्ण ग्रहणी काढल्यावर जठराची ही लाट नाहींशी झालेली दिसली. मौज अशी कीं, एरिथ्रोमायसिन हें जंतुनाशक औषध मोटिलिनचें सोंग उत्तम वठवितें. १९९३ सालीं बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्यांनीं या शस्त्रक्रियेनंतर तें देऊन जठर लवकर रितें होतें, हें दाखविलें.

शिवाय, अम्ल निवविणारा क्षाररस पूर्वीं ग्रहणींतच मिसळे. आतां जठर पुढच्या आंतड्यास जोडलेलें असतें, आणि त्या सांध्यावर व्रण पडण्याचें भय राहतें. म्हणून रोग्यास अम्ल कमी करणारें औषध देतात, आणि जेवण थोडेंथोडें, दिवसांतून पांच-सहा वेळां, घ्यावयास सांगतात.